जलरंगाचा कागद: मशीनचा पॅड, देशी हातकागद आणि आयात कॉटन

जलरंग शिकायला निघालेला माणूस दुकानातून बहुतेकदा चोवीस ट्यूबांची पेटी, सहा ब्रशांचा संच आणि उरल्या पैशात एक ड्रॉइंग बुक घेऊन बाहेर पडतो. थोड्याच दिवसांत तक्रारी सुरू होतात. वॉश, म्हणजे भरपूर पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा सलग हात, सपाट बसत नाही, आकाशात पट्टे पडतात, दुसरा हात दिला की खालचा रंग सुटून चिखल होतो. दोष हाताला दिला जातो, नाहीतर रंगाला. या तिन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा कागदात असतं. त्यामुळे इथे परीक्षण कागदाचं आहे. रंग आणि ब्रश शेवटी, तेही थोडक्यात.

कागदाकडे दुर्लक्ष करायची ही सवय आपल्याकडे शाळेपासूनची. एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी पातळ ड्रॉइंग पेपरवर होते: आधी पेन्सिलीची रेषा, मग तिच्या आत रंग. त्या कामाला तो कागद पुरतो, कारण तिथे पाणी कमी आणि रंग दाट असतो. पण भरपूर पाण्याचा वॉश त्याच्यावर टाकला की कागद फुगतो, खड्ड्यांमध्ये पाणी साचतं आणि साचलेल्या पाण्याच्या कडा वाळल्यावर गडद उमटतात. १५० जीएसएमच्या (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आसपासचे ड्रॉइंग पेपर स्केच, पेन आणि एकरंगी टिपणांसाठी ठेवावेत. जलरंगासाठी त्यांचा विचार इथेच संपवलेला बरा.

कागद निवडताना वजन, धागा आणि खळ या तीन गोष्टी बघायच्या. वजन ३०० जीएसएम असावं. वेष्टनावर हेच १४० पौंड असंही छापलेलं असतं. धागा कॉटनचा की लाकडाच्या लगद्याचा, हे वेष्टनावर बारीक अक्षरात असतं. खळ मात्र सहसा कोणी विचारत नाही, आणि कागदाचा स्वभाव तीच ठरवते. खळ म्हणजे जिलेटिन, स्टार्च किंवा कृत्रिम साइझ. ती असते म्हणून पाणी काही क्षण पृष्ठभागावर थांबतं आणि रंगाचे कण वरच राहतात. खळ कमी असेल तर कागद टिपकागदासारखा पितो. रंग आत शिरतो, वाळल्यावर मेल्यासारखा दिसतो आणि ओल्या ब्रशने उचलता येत नाही. दुकानात तपासायचं तर सुट्या तावाच्या कोपऱ्याला जिभेचं टोक लावून बघा. जीभ चिकटली तर खळ कमी आहे. दुकानदार विचित्र नजरेने बघेल, पण चाचणी जुनी आणि भरवशाची आहे. घरी आल्यावर कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवायचा. चांगल्या कागदावर तो काही मिनिटं फुगीर राहतो. वाईट कागदावर लगेच पसरतो आणि मागून बघितलं तर ओला डाग दिसतो.

मशीनचे सेल्युलोजचे पॅड

कॅन्सनचा मॉन्तवाल हा या वर्गातला सहज मिळणारा नमुना. लाकडाचा लगदा (बाजारात यालाच सेल्युलोज म्हणतात), ३०० जीएसएम, कोल्ड प्रेस म्हणजे किंचित खडबडीत पोत. असे इतरही पॅड बाजारात आहेत. ब्रुस्ट्रोसारख्या देशी ब्रँडचा २५ टक्के कॉटनचा कागदही वागणुकीने याच घरातला, फक्त थोडा सोशिक. या कागदांचा गुण म्हणजे रंग वरच राहतो. वाळल्यानंतरही ओल्या ब्रशने घासून टिश्यूने टिपला की बराचसा उचलला जातो. चुकलेली खिडकी, जास्त गडद झालेला ढग सहज मागे घेता येतो. शिकणाऱ्याला याचा मोठा दिलासा असतो.

पण याच गुणामुळे वर दुसरा थर बसत नाही. पिवळ्यावर निळ्याचा पातळ हात दिला की पिवळा हलतो आणि दोन्हींचा मळकट हिरवा होतो. सुटका हवी असेल तर पहिला थर पूर्ण कोरडा होऊ द्यायचा. हाताचा मागचा भाग टेकवून बघावा. कागद गार लागला तर आत ओल आहे. दुसरा थर मऊ ब्रशने, एकाच फटकाऱ्यात द्यायचा आणि त्या जागेवर परत जायचं नाही. तिथे तीनपेक्षा जास्त थरांची अपेक्षा ठेवू नये. ओल्यावर ओलं काम करतानाही अडचण येते. वरचं पाणी कुठे लवकर, कुठे उशिरा सुकतं आणि अर्धवट वाळलेल्या जागी नवा थेंब पडला की फुलकोबीसारखे डाग उमटतात. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे पंख्याखाली बसून क्वार्टर इम्पिरिअल (२८ बाय ३८ सेंटिमीटर) आकाराचं आकाश या कागदावर एकसंध उतरवणं जवळपास अशक्य आहे.

तरी ए-फाइव्ह आकाराचा एक पॅड जवळ असावाच. रंगछटांच्या पट्ट्या, छायाप्रकाशाची लहान टिपणं, बसस्टँडवर बसून केलेली स्केचेस या सगळ्याला तो उत्तम. मोठं चित्र त्याच्यावर करून निराश होऊ नये, एवढंच.

देशी हातकागद

हा खरा कुतूहलाचा आणि सगळ्यात बेभरवशाचा प्रकार. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागद संस्था आहे. राजस्थानात सांगानेरच्या कागझी कुटुंबांचा धंदा त्याहून कितीतरी जुना. कपड्यांच्या कारखान्यातल्या सुती कातरणांचा बीटरमध्ये लगदा करायचा, तो जाळीच्या साच्यावर उचलायचा, दाबून पाणी काढायचं आणि ताव वाळवायचे. कापड कापसाचं असलं की धागा लांब मिळतो, त्यामुळे कागद चिवट असतो. वारंवार ओला केला तरी फाटत नाही. आयात कॉटनच्या एका तावाच्या पैशात याचे अनेक ताव येतात, आणि नवशिक्याला कागद वाया जाण्याची भीती नसणं हे फार मोलाचं आहे. महागाच्या तावापुढे हात आखडतो.

घोळ खळीचा आहे. ‘हँडमेड’ या एकाच नावाखाली दोन निराळे माल विकले जातात. एक लग्नपत्रिका, फाइली, पिशव्या, लॅम्पशेड यांसाठी. त्याला खळ नाममात्र असते. दुसरा जलरंगासाठी मुद्दाम खळ दिलेला. दिसायला दोन्ही सारखे, कडा दोन्हींच्या झिरमिळ्या. म्हणून विचारताना ‘हँडमेड पेपर द्या’ असं न म्हणता ‘वॉटरकलरचा, खळ दिलेला, ३०० जीएसएम’ असं स्पष्ट सांगावं. एकदम दहा ताव घेऊ नयेत. एक ताव घरी आणून रंगवून बघावा आणि आवडला तर त्याच गठ्ठ्यातले उरलेले आणावेत. पुढच्या खेपेचा माल तसाच निघेल याची खात्री नसते. एकाच तावाच्या दोन बाजूही वेगळ्या असतात: एकीकडे जाळीचा ठसा, दुसरीकडे लोकरी फेल्टचा मऊ पोत. दोन्हीकडे एकेक पट्टी रंगवून आवडती बाजू ठरवा आणि प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने खूण करून ठेवा. एकदा ताव कापला की बाजू ओळखणं कठीण जातं.

मास्किंग टेप आणि मास्किंग फ्लुइड (कोऱ्या राखायच्या जागी लावून नंतर सोलून काढायचा रबरासारखा द्रव) या कागदाचे शत्रू आहेत. पृष्ठभाग मऊ असल्याने टेप ओढली की वरचा पापुद्रा निघतो. टेप लावण्याआधी ती एकदा कपड्याला चिकटवून तिचा चिकटपणा कमी करावा. काढताना हेअर ड्रायरने किंचित गरम करावी आणि चित्रापासून बाहेरच्या दिशेने, कागदाला जवळजवळ समांतर अशी हळूहळू ओढावी. मास्किंग फ्लुइड तर टाळलेलंच बरं. पांढऱ्या जागा रंगवताना वगळून ठेवण्याची सवय लागते, हा त्यातला फायदा.

खळ कमी निघालेला ताव फेकायची गरज नाही. बेकरीच्या सामानात मिळणारं बिनचवीचं जिलेटिन ५ ग्रॅम, २५० मिलिलिटर थंड पाण्यात पंधरा मिनिटं भिजवायचं. मग भांडं गरम पाण्यात ठेवून ते विरघळवायचं. उकळी आणायची नाही. उकळलं तर जिलेटिनचा जोर कमी होतो. कोमट असतानाच रुंद ब्रशने एका बाजूला लावून ताव दोरीवर वाळवायचा, मग दुसरी बाजू. काही जुनी मंडळी यात तुरटी घालायला सांगतात. तुरटीने खळ घट्ट बसते हे खरं, पण ती आम्लधर्मी असल्याने काळाच्या ओघात कागद पिवळा आणि ठिसूळ होतो. हे काम डिसेंबर ते एप्रिलमध्येच करावं. जुलैत ओलं जिलेटिन म्हणजे बुरशीला आमंत्रण.

आयात कॉटन

फ्रान्सचा आर्श आणि इंग्लंडचा साँडर्स वॉटरफर्ड, दोन्ही शंभर टक्के कॉटन, दोन्हींना जिलेटिनची खळ. आर्श भिजवला की जनावराचा वास येतो. कागद खराब निघाला असं समजून परत करायला जाऊ नका, तो वास जिलेटिनचा. शाकाहाराचा नियम काटेकोर पाळणाऱ्यांसाठी इटलीचा फाब्रियानो आर्टिस्तिको आहे, त्याच्या खळीत प्राणिजन्य काही नाही.

या वर्गातल्या कागदावर पहिला वॉश टाकताच फरक कळतो. पाणी धाग्यात मुरून सारखं पसरतं, ओल जास्त वेळ टिकते, त्यामुळे ढगाच्या कडा मऊ करायला सवड मिळते. वाळलेला थर घट्ट बसलेला असतो. वर चार-पाच पातळ हात दिले तरी खालचा हलत नाही आणि सगळे थर एकमेकांतून चमकतात. आर्शची खळ घट्ट, त्यामुळे घासणं, खरवडणं, ब्लेडने खरवडून चित्रातल्या पाण्यावरची चमक उमटवणं तो सहन करतो. साँडर्स थोडा मऊ आणि रंग जरा जास्त ओढून घेणारा. ओल्या धूसर कामाला साँडर्स आणि थरांच्या कामाला आर्श अशी आमची पसंती आहे. वाईट बाजू म्हणजे किंमत, आणि गडद झालेला रंग सेल्युलोजइतका सहज परत उचलता येत नाही.

पूर्ण इम्पिरिअल ताव ५६ बाय ७६ सेंटिमीटरचा. पॅड किंवा ब्लॉक (कडा चिकटवलेला गठ्ठा) घेण्यापेक्षा सुटा ताव घेऊन कापणं केव्हाही स्वस्त. एका तावातून साधारण १९ बाय २८ सेंटिमीटरचे आठ तुकडे पडतात. मागची बाजूही रंगवता येते, म्हणजे सोळा अभ्यास. कापायला कात्री नको. घडी घालून नखाने दाबायची, उलटी घडी घालायची, मग स्टीलच्या पट्टीला धरून फाडायचं. फाडलेली कड दिसतेही छान.

पावसाळ्यात कागद मरतो

मुंबई, कोकण, गोवा इथल्या हौशी चित्रकारांनी हा भाग नीट वाचावा. दमट हवेत खळीवर सूक्ष्म बुरशी वाढते. वरून कागद पांढरास्वच्छ दिसतो. वॉश टाकला की मात्र जागोजागी गडद ठिपके उमटतात, कारण तेवढ्या जागची खळ नष्ट झालेली असते आणि कागद तिथे रंग पितो. आकाश रंगवून झाल्यावर हे कळणं फार वाईट. दर पावसाळ्यानंतर प्रत्येक गठ्ठ्यातल्या एका तावाच्या कडेला अल्ट्रामरीन निळ्याचा पातळ पट्टा ओढून बघावा. ठिपके दिसले तर तो गठ्ठा कोळसा, पेस्टल किंवा दाट गुवाशसाठी (अपारदर्शक जलरंगासाठी) वेगळा काढावा. पिवळसर तपकिरी बुट्टे आले असतील तर इतर कागदांपासून लांब ठेवावा.

साठवण आडवी हवी. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट आणि पलंगाखालची जागा, दोन्ही टाळा. मेच्या शेवटी ताव एक दिवस सावलीत, हवेशीर जागी मोकळे ठेवा आणि मग जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसकट बंद करा. उन्हात वाळवायला टाकू नका. रंग बदलणारी सिलिका जेल गरम करून पुन्हा वापरता येते, पण निळी जेल स्वयंपाकाच्या कढईत तापवू नये. तिच्यातला निळा रंग कोबाल्ट क्लोराइडचा, तो विषारी असतो. नारिंगी जेल घेतलेली बरी, आणि तिलाही वेगळं भांडं ठेवा.

ताणणं

१९ बाय २८चा तुकडा ३०० जीएसएमचा असेल तर चारी बाजूंनी टेप लावली की भागतं. त्याहून मोठ्या कागदावर भरपूर पाणी वापरायचं असेल तर तो ताणावा लागतो. ताव स्वच्छ गार पाण्यात पाच ते आठ मिनिटं बुडवायचा. जास्त वेळ ठेवला तर खळ धुऊन जाते. एका कोपऱ्याने उचलून पाणी निथळू द्यायचं, १२ मिलिमीटरच्या प्लायवर पसरायचं, कडांवरचं पाणी टिपायचं आणि पाणी लावून चिकटणारी तपकिरी गमटेप लावायची. टेप निम्मी कागदावर, निम्मी लाकडावर. वाळेपर्यंत बोर्ड आडवाच ठेवायचा. उभा ठेवला तर पाणी खाली उतरतं, खालची टेप सुटते आणि कागद वाकडा ताणला जातो. टेप सुटण्याची आणखी दोन कारणं: सनमायका लावलेला बोर्ड आणि टेपवर जरुरीपेक्षा जास्त पाणी. ओलसर स्पंजवरून टेप एकदा फिरवली की पुरे.

रंग आणि ब्रश

चांगल्या कागदावर साधे विद्यार्थी-दर्जाचे रंगही बरे दिसतात, वाईट कागदावर उत्तम रंग फिके पडतात. तरी विद्यार्थी-दर्जात भराव जास्त असल्याने दाट मिश्रण खडूसारखं दिसतं. म्हणून चोवीस ट्यूबांऐवजी आर्टिस्ट दर्जाच्या सहाच घ्याव्यात: लेमन यलो, यलो ऑकर, उबदार लाल, गुलाबीकडे झुकणारा लाल, अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सिएना. कॅमलच्या आर्टिस्ट जलरंगांच्या ट्यूबा सुट्या मिळतात, सुरुवात त्यांनी करायला हरकत नाही. कुठल्याही कंपनीची ट्यूब असो, नावापेक्षा तिच्यावर छापलेला रंगद्रव्याचा क्रमांक बघा. अल्ट्रामरीन म्हणजे पीबी २९. गुलाबी लालात पीआर ८३, म्हणजे जुना अलिझरीन, उन्हाने उडतो. पीव्ही १९ टिकतो. शंका असेल तर रंगाची पट्टी अर्धी काळ्या कागदाने झाकून दक्षिणेच्या खिडकीत दोन-तीन महिने ठेवा, उत्तर समोर येईल.

बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन मिळून सह्याद्रीचे सगळे राखाडी निघतात, ओल्या काळ्या कातळापासून पावसाळी ढगापर्यंत. सॅप ग्रीन ट्यूबमधून थेट लावला की झाडं प्लॅस्टिकची दिसतात. त्यात चिमूटभर बर्न्ट सिएना पडलीच पाहिजे. क्वार्टर इम्पिरिअल कागदावर अर्धं आकाश भरायला दोन-तीन चहाचे चमचे तयार मिश्रण लागतं. ते आधीच कालवून ठेवा. मध्येच नवं कालवायला थांबलात की पट्टा पडतो.

ब्रश दोन पुरेत: गोल आठ किंवा दहा नंबरचा सिंथेटिक आणि एक इंची चपटा. मुंगसाच्या केसांचे ब्रश कोणी दाखवले तर घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते विकणं गुन्हा आहे.

कागद कळण्यासाठी मूळ चित्रं

छापील पुनरुत्पादनात कागद दिसत नाही. जलरंगातला उजेड हा बहुतेक वेळा न रंगवलेला कागद असतो, हे मूळ चित्रासमोर उभं राहिल्याशिवाय डोळ्यांत भरत नाही. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातलं सावळाराम हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ बघण्यासारखं. हातात समई घेतलेल्या मुलीचं हे चित्र अनेकांना तैलरंगाचं, काहींना तर राजा रविवर्म्याचं वाटतं. आहे ते कागदावरचं जलरंग. बोटांच्या फटींतून झिरपणारा लालसर उजेड आणि भोवतीचा अंधार पातळ थरांवर थर देऊन चढवलेला आहे. कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आबालाल रहिमान यांची चित्रं आहेत. निसर्गचित्र करणाऱ्याने तिथे घाई न करता एक सकाळ द्यावी. मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीत प्रवेशाला पैसे पडत नाहीत आणि जलरंगाचं प्रदर्शन लागलेलं असेल तर चित्रकार बहुधा तिथेच बसलेला असतो. ‘कागद कोणता वापरलात?’ असं विचारलं की गप्पा आपोआप सुरू होतात. चित्र बाजूने, तिरक्या उजेडात बघा: पोत किती खोल आहे, कोरडा ब्रश कुठे फक्त उंचवट्यांना लागलाय, कुठे घासून उचललंय.

अभ्यासाला एकच विषय तिन्ही कागदांवर करून बघावा, आणि तो सोपा असावा. मेणवलीच्या घाटाच्या पायऱ्या, गोदाकाठचं एखादं देऊळ किंवा खिडकीतला तांब्या. आधी फक्त एकाच गडद रंगाने, तीन छटांत: कोरा कागद, मधली, गडद. मधली छटा वाळल्यावरच गडद द्यायची. सेल्युलोजवर गडद छटेची कड विरघळते, खळ कमी असलेल्या हातकागदावर ती पसरते, कॉटनवर चाकूसारखी धारदार राहते.

खरेदीचा क्रम असा ठेवावा. आधी ए-फाइव्हचा एक सेल्युलोज पॅड आणि खळ दिलेल्या हातकागदाचे दोन ताव. छटा जुळू लागल्या की आर्श किंवा साँडर्सचा एक ताव, आठ तुकडे करून. सुट्या तावावर कडेला कंपनीचा जलचिन्ह किंवा दाबलेला ठसा आहे का ते उजेडासमोर धरून बघा आणि कापण्याआधी ती कड कुठल्या तुकड्यात जाते याची नोंद ठेवा. ठशाची अक्षरं सरळ वाचता येतात ती बहुधा पुढची बाजू. मागच्या बाजूवर पोत थोडा निराळा असतो, पण खळ दोन्हीकडे असते, तेव्हा पहिला अभ्यास मागेच करायला हरकत नाही.